दुःखाचें उत्तर : कृष्णाकांठच्या मराठी ख्रिस्ती इतिहासांतील दोन प्रकरणें

सातारा व सांगली हीं नांवें उच्चारतांच इतिहासाच्या अभ्यासकापुढें छत्रपतींची गादी आणि पटवर्धन सरदारांचीं दप्तरें उभीं राहतात. साताऱ्यास रा. ब. पारसनीस यांनीं जुन्या कागदांचा व चित्रांचा मोठा संग्रह केला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तर चाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड सिद्ध केले. या दोघांच्या श्रमामुळें कृष्णाकांठचा राजकीय इतिहास पुष्कळ अंशीं उजेडांत आला. परंतु मोहिमा, तह व जमाखर्च यांखेरीज मनुष्याच्या अंतःकरणाचाहि एक इतिहास असतो, व त्याचींहि साधनें असतात. माणसावर दुःख कोसळलें असतां त्यानें तें कोणत्या श्रद्धेच्या बळावर सोसलें, त्याचा काय अर्थ लावला व पुढें काय केलें, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा नाहीं. संतांच्या बाबतींत आपण तो नेहमीं विचारतों. मराठी ख्रिस्ती लोकांच्या बाबतींत तो क्वचितच विचारला गेला आहे.

प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार दोन प्रकरणांच्या आधारें करावयाचा आहे. पहिलें प्रकरण साताऱ्याचें. नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १९१७ सालीं तेथें स्थापन केलेला 'देवाचा दरबार' आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें लेखन हा त्याचा विषय. दुसरें प्रकरण मिरजेचें. तेथें ता. २४ जुलै १९२१ रोजीं पंडिता रमाबाई यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. मिरज त्या काळीं पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. पुढें १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, मिरज त्यांत आली, व १९६० सालीं त्याच जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. म्हणून हीं दोन्ही प्रकरणें एकाच प्रदेशाच्या इतिहासांत शोभतात.

प्रथम तत्त्वाचा विचार संक्षेपानें केला पाहिजे. कारण त्यावांचून या व्यक्तींच्या वर्तनाचा अर्थ नीट लागत नाहीं. आपल्या समाजांत दुःखाची उपपत्ति बहुधा कर्मविपाकानें लावीत असत. आज जें भोगावें लागतें तें पूर्वकृत्याचें फळ, असा तो विचार. त्यांत एक न्याय आहे व एक धीरहि आहे. परंतु दुःखी माणसाकडे पाहणाऱ्यास तो कधीं कधीं निष्ठुर करितो. ख्रिस्ती शास्त्रांत या प्रश्नाचा सर्वांत मोठा विचार ईयोबाच्या ग्रंथांत आला आहे. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाचें कारण त्याच्या पापांत शोधतात, आणि ग्रंथाच्या शेवटीं देव त्या मित्रांनाच दोष देतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांध मनुष्याविषयीं शिष्य हाच प्रश्न करितात, व येशू पापाचा हिशेब नाकारून त्या माणसास दृष्टि देतो. म्हणजे 'हें दुःख कां आलें ?' या प्रश्नास तेथें सरळ उत्तर नाहीं. 'आतां काय करावयाचें?' या प्रश्नास मात्र आहे. त्याच्या पाठीशीं वधस्तंभाची कल्पना आहे : देव दुःखाच्या बाहेर बसून न्याय करीत नाहीं, तो स्वतः दुःखांत उतरतो.

ही कल्पना मराठींत नवी नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत छापिलें गेलें, आणि ख्रिस्ताचें दुःखसहन त्यांत ओवीबद्ध झालें. पुढें १९०७ सालीं मंगळुरास सालढाणा यांनीं त्याची रोमन लिपींतील आवृत्ति काढली. देवनागरी हस्तलिखित लंडन येथें मार्सडेन यांच्या संग्रहांत मिळालें. परंतु क्रिस्तपुराणांत दुःख आहे तें ख्रिस्ताचें. मराठी ख्रिस्ती माणसाचें स्वतःचें दुःख त्याच्याच शब्दांत वाचावयास मिळतें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर.

आतां साताऱ्याकडे वळूं. नारायण वामन टिळक यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांव येथें झाला. आई लहानपणींच वारली; वडिलांचा स्वभाव कठोर. मुलगा घर सोडून नाशकास गेला व तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकला. पुढें नागपूर व राजनांदगांव येथें असतां त्यांचा नव्या कराराशीं परिचय झाला, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, म्हणजे शके १८१६ त, मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांनींच आपणांस ख्रिस्तापाशीं पोंचविलें, असें ते पुढें सांगत असत. तुकाराममहाराजांच्या चरित्राशीं हें जुळतेंहि. दुष्काळांत पत्नी व पुत्र गेले, व्यापार बुडाला, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणें तुकोबांनीं येणें असलेले कर्जाचे कागद इंद्रायणींत टाकून दिले. दुःखाचा हिशेब मागण्याऐवजीं आपला हक्कच सोडावयाचा, हा धडा टिळकांनीं वारकरी परंपरेंतून उचलिला होता.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें नोंदली पाहिजे. टिळकांच्या धर्मांतरानें स्वतः टिळकांस दुःख झालें हें खरें; परंतु त्याहून अधिक दुःख त्यांच्या पत्नीस झालें. लक्ष्मीबाई (जन्म १८६८) त्या वेळीं सत्तावीस वर्षांच्याहि नव्हत्या. पदरीं दत्तू हा लहान मुलगा. पति जिवंत असूनहि त्यांच्या कपाळीं सुमारें पांच वर्षांचा वियोग आला. त्यांतील बराच काळ त्यांनीं पंढरपुरास नातलगांच्या आश्रयानें काढिला. मिशनचे वार्षिक वृत्तांत टिळकांसारख्या विद्वान ब्राह्मणाच्या बाप्तिस्म्याकडे विजय म्हणून पाहतात. त्या विजयाची किंमत कोणी दिली हें त्या वृत्तांतांवरून कळत नाहीं. तें कळतें 'स्मृतिचित्रां'वरून. ख्रिस्ती दृष्टीनें दुःखाचा विचार करावयाचा तर भोगलेल्या दुःखाबरोबर दिलेल्या दुःखाचाहि जाब द्यावा लागतो. लक्ष्मीबाईंचें लेखन हा जाब शांतपणें, व बहुतेक ठिकाणीं हंसत हंसत, मागतें.

लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहींत. आपला सोंवळ्याचा आचार त्यांनीं पुष्कळ दिवस पाळला. पतीच्या युक्तिवादानें त्या बदलल्या नाहींत. जातिभेद देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, हें एके दिवशीं त्यांचें त्यांनाच उमगलें, आणि तेथून स्पर्शास्पर्शाचा विचार सुटला. बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. पुढें नगरकडे प्लेगनें थैमान मांडलें त्या दिवसांत त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली, परक्यांचीं अनाथ मुलें घरीं वाढविलीं. ज्या बाईस आपल्याच नातलगांच्या दारीं आश्रितासारखें राहावें लागलें होतें, तिचें घर पुढें निराश्रितांचें घर झालें. या दोन गोष्टींमधील संबंध लक्ष्मीबाई कोठें उपदेश करून सांगत नाहींत. पण वाचणाऱ्यास तो दिसल्यावांचून राहत नाहीं.

१९१७ सालीं टिळकांनीं दुसरा मोठा निश्चय केला. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनीं संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनीं एकत्र यावें, परक्या देशाच्या पैशावर व रीतिरिवाजांवर अवलंबून राहूं नये, हा त्याचा हेतु. 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादन, कीर्तनें व अभंगरचना चालूच होती. पतीचा संन्यास म्हणजे लक्ष्मीबाईंच्या संसारावर आलेलें दुसरें संकट. या वेळीं मात्र वियोग झाला नाहीं. संन्यासी व त्याची गृहिणी दोघेंहि साताऱ्यास राहिलीं. १८९५ व १९१७ या दोन निश्चयांमध्यें जो फरक पडला तो येथें दिसतो. पहिल्या वेळीं श्रद्धेनें घर मोडलें. दुसऱ्या वेळीं घरासह ती श्रद्धा पाळतां आली.

दरबाराचा काळ दोन वर्षेंहि पुरता लाभला नाहीं. टिळक आजारी पडले, त्यांस मुंबईस नेण्यांत आलें, व ता. ९ मे १९१९ रोजीं, शके १८४१ त, जे. जे. रुग्णालयांत त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या इच्छेनुसार देहाचें दहन होऊन अस्थि अहमदनगरास नेऊन पुरल्या. त्या काळच्या ख्रिस्ती समाजांत दहन ही असामान्य गोष्ट होती. आपल्या नांवामागें पाद्रीपणाची पदवी लावूं नये, असेंहि त्यांनीं सांगून ठेविलें होतें. मरणाच्या प्रसंगींहि आपल्या देशाची रीत सोडावयाची नाहीं, असा त्यांतील आशय आहे.

त्यांच्यामागें 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध महाकाव्य अपुरें राहिलें. आरंभींचे दहाअकरा अध्याय काय ते टिळकांच्या हातचे. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचिले. ज्या बाईस लिहितां-वाचतां आलें तें लग्नानंतर, पतीच्या शिकवणीनें, तिनें पतीच्या मरणानंतर त्याचें महाकाव्य पूर्णत्वास न्यावें, ही मराठी वाङ्मयांतील विलक्षण घटना होय. ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीं दोन वर्षें, ता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लक्ष्मीबाई वारल्या होत्या. 'स्मृतिचित्रें'हि अशाच कारणानें जन्मास आलीं. मुलगा देवदत्त यास वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यानें आईस आठवणी लिहावयास सांगितल्या. चरित्राचें साधन म्हणून लिहिलेल्या त्या आठवणींचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, व चरित्राहून साधनच थोर ठरलें.

आतां मिरज. सांगलीपासून अवघ्या तीन कोसांवरील या गांवाचें वैद्यकीय माहात्म्य डॉ. विल्यम वॉनलेस यांच्यापासून सुरू झालें. ते १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. प्रथम सांगलीस दवाखाना काढला. १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें, व १८९७ सालीं त्यास वैद्यकीय शिक्षणाची जोड दिली. महारोग्यांसाठीं स्वतंत्र आश्रम निघाला. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व वर सांगितलेल्या तत्त्वाच्या प्रकाशांत पाहावें. महारोग म्हणजे पापाचें दृश्य फळ, अशी समजूत आपल्याकडे होती; युरोपांतहि मध्ययुगांत ती होती. त्या रोग्यास खाट, औषध व मलमपट्टी देणें म्हणजे दुःखाच्या कारणाचा वाद बाजूस ठेवून त्याच्या निवारणाकडे वळणें होय. मिरजेच्या रुग्णालयाकडे दूरदूरचे रोगी येत. त्यांत ख्रिस्ती थोडे, इतर फार.

या मिरजेंत ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाईंनीं देह ठेविला. वय चाळीस वर्षांचें. आई रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. केडगांवच्या मुक्तिसदनाचा भार आपल्यामागें मनोरमाबाई वाहतील, अशी व्यवस्था मनांत ठरलेली होती. ती एका दिवसांत मोडली.

रमाबाईंच्या आयुष्यांतील हा पहिला आघात नव्हे. जवळजवळ शेवटचा होय. १८७४ सालीं यात्रेंत भटकत असतां दक्षिणेंतील दुष्काळांत वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई थोड्याच दिवसांच्या अंतरानें गेलीं. आईचें प्रेत उचलावयास पुरेशीं माणसें मिळालीं नाहींत. सोळा वर्षांच्या रमाबाईंस स्वतः खांदा द्यावा लागला, आणि उंची कमी पडल्यानें तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. मागोमाग थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास १८८० सालीं बंगालांत वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं विवाह केला, ते ता. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें वारले. मनोरमा तेव्हां दहा महिन्यांची होती. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें असतां बरोबरच्या आनंदीबाई भगत यांनीं आत्महत्या केली. त्याच वर्षीं ता. २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंनीं कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

एवढ्या मरणांचें रमाबाईंनीं काय केलें ? त्यांच्या लेखनांत आपल्या दुःखाची उपपत्ति लावण्याचा खटाटोप थोडा आहे. कृति मात्र भरपूर आहे, व ती कृति दुःखाच्या आकाराची आहे. दुष्काळांत आईबाप गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों उपाशी मुलींस घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या. आपल्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनीं याच सुमारास लिहिल्या. त्या मुलींना पाहतांच आपला भूतकाळ समोर उभा राहिला, असें त्या स्वतः सांगतात. वैधव्य आलेल्या रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढिलें. जी जखम, तेथेंच औषध.

ही सहनशीलता मुकी नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगांत रुग्णालयांतून व छावण्यांतून स्त्रियांची जी आबाळ झाली तिच्याविरुद्ध त्यांनीं 'बाँबे गार्डियन' पत्रांत उघड लिहिलें, आणि सरकारचा रोष पत्करिला. ख्रिस्ती झाल्या म्हणून ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा अन्याय त्यांनीं देवाची इच्छा मानिला नाहीं. दुःख सोसणें व दुःख देणाऱ्यास जाब विचारणें या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणीं एकत्र नांदत होत्या. ईयोबहि गप्प बसला नव्हता.

मनोरमाबाईंच्या मरणानंतर रमाबाई नऊ महिन्यांच्या आंतच, ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं, निवर्तल्या. या दिवसांतहि त्यांच्यापुढें काम होतें तें मराठी पवित्र शास्त्राचें. हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सोप्या मराठींत, अडाणी बायकांस कळेल असें, सबंध शास्त्राचें भाषांतर त्यांनीं आरंभिलें होतें. मुक्तीच्या छापखान्यांत तेथील मुली व स्त्रियाच खिळे जुळवीत. भाषांतर त्यांनीं पुरें केलें, व संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागें १९२४ सालीं बाहेर पडला.

आतां दोन्ही प्रकरणें शेजारीं ठेवावीं. साताऱ्याच्या प्रकरणाचा शेवट 'ख्रिस्तायना'त झाला, मिरजेच्या प्रकरणाचा मराठी शास्त्राच्या भाषांतरांत. दोन्ही ग्रंथ कर्त्याच्या हयातींत प्रसिद्ध झाले नाहींत. दोन्हींच्या मागें एकेक मरण उभें आहे. परंतु विलापग्रंथ दोन्हींपैकीं एकहि नाहीं. 'आम्हांवर हें कां आलें ?' असा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे गेल्यास हातीं थोडेंच लागेल. 'हें आल्यावर तुम्हीं काय केलें ?' असें विचारल्यास ओव्या, खिळे, औषध व अन्न हीं उत्तरें मिळतात. कृष्णाकांठच्या ख्रिस्ती इतिहासाचा हाच निष्कर्ष आहे असें आम्हांस वाटतें : येथें दुःखाचें उत्तर सिद्धान्तांत न देतां हातीं घेतलेल्या कामांत दिलें गेलें, आणि तें काम बहुधा आपल्यासारख्याच दुःखितासाठीं होतें.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. असें काम ख्रिस्ती नसलेल्यांनींहि केलें नाहीं काय ? अवश्य केलें. धोंडो केशव कर्वे यांनीं पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ सालीं शारदासदनांतीलच एका विधवेशीं विवाह केला व पुढें आपलें आयुष्य विधवांच्या शिक्षणास वाहिलें. म्हणून ही वृत्ति एका धर्माची मिरास आहे, असा आमचा दावा नाहीं. वर उल्लेखिलेल्या व्यक्तींना मात्र ती वृत्ति ख्रिस्ताच्या दुःखसहनांतून मिळाली असें त्या स्वतः सांगतात, आणि साक्षीदाराचें म्हणणें पुराव्याविना खोडून काढण्याचा अधिकार इतिहासकारास नाहीं.

पुराव्याचा विषय निघाला म्हणून साधनांविषयीं दोन शब्द. या विषयाचीं साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार मिशनांच्या वार्षिक वृत्तांतांचा. तारखा, संख्या व इमारती यांविषयीं ते उपयुक्त. पण वर्गणीदारांस पाठवावयाचे असल्यानें त्यांत शोकाचें रूपांतर लगेच साक्षींत होतें. मरणसमयीं भक्त कसा आनंदित होता, हें वर्णन त्यांत ठराविक सांच्यांत येतें. तेवढ्यावर विसंबूं नये. दुसरा प्रकार समकालीन चरित्रांचा. विन्स्लो यांचें टिळकांवरील इंग्रजी चरित्र १९२३ सालचें, म्हणजे मृत्यूनंतर चारच वर्षांचें. त्याची योग्यता मोठी, पण तेंहि चाहत्याचें. तिसरा प्रकार घरगुती लेखनाचा, आणि तोच सर्वांत मोलाचा. 'स्मृतिचित्रें' त्यांतलींच, नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं त्यांच्या संपूर्ण पाठाच्या संपादनासाठीं पुढें फार श्रम घेतले. रमाबाईंचीं पत्रें वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनीं जपून संगतवार लाविलीं म्हणून १९७७ सालीं तीं मुंबईस छापतां आलीं. त्यांत रमाबाई धर्ममतांवर आपल्या गुरुभगिनीशीं कडाक्याचा वाद घालतात. तीं पत्रें कोणी केराच्या टोपलींत टाकलीं असतीं, तर नम्र अनुयायिनी एवढेंच रमाबाईंचें चित्र आपल्या हातीं उरलें असतें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस म्हणून एक विनंति करावीशी वाटते. जुन्या बाडाचा शोध करीत असतां पेशवाईपूर्व कागद दिसला कीं आपण हरखतों, आणि शंभर वर्षांपूर्वींची वही आली कीं बाजूस सारतों. वाई, सातारा, सांगली व मिरज येथील जुन्या ख्रिस्ती घरांतून कीर्तनाच्या वह्या, स्वहस्तें उतरलेलीं भजनें, घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी, दवाखान्यांतून घरीं पाठविलेलीं पत्रें असा ऐवज आढळल्यास तो रद्दींत जाऊं देऊं नये. देवळांचे बाप्तिस्मा व दफन यांचे नोंदवहे, तसेंच स्मशानांतील थडग्यांवरील मराठी लेख, उतरून घ्यावे. दगड झिजतो व कागदास वाळवी लागते. राजांच्या पत्रांस वारस पुष्कळ मिळाले. वियोगांत, प्लेगांत व दुष्काळांत होरपळलेल्या माणसांनीं आपल्या हातानें लिहिलेल्या चार ओळींसहि ते मिळावेत.